दुरुस्तीला दिलेल्या फोनमधले मेसेज कोण कोण वाचू शकतं?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. फोनचा डिस्प्ले फुटला म्हणून त्यांनी तो दोन दिवस एका दुकानात दुरुस्तीला दिला. दुकानदाराने लॉकचा पॅटर्न कागदावर काढून घेतला. फोन घरी आल्यावर तिसऱ्या रात्री, पावणेअकराच्या सुमारास, बँकेचे तीन ओटीपी लागोपाठ आले. नेट बँकिंगचा पासवर्ड बदलण्यासाठीचे. त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं. पैसे गेले नाहीत, पण झोप उडाली. त्या विचारतात: माझे मेसेज कोणी वाचतंय का? सगळे डिलीट केले तर भागेल का? आणि एसएमएसपेक्षा व्हॉट्सअॅप बरं का?

ताई, मी बर्डीवर २००४ पासून मोबाइल दुरुस्त करतो. हाच प्रश्न घेऊन माणसं रोज काउंटरवर येतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी झोपेचं बोलू. ते तीन ओटीपी तुमच्या फोनवर आले, तुम्हाला दिसले आणि पैसे जागेवर राहिले. म्हणजे समोरच्याकडे तुमच्या खात्याची काहीतरी माहिती आहे, पण तुमचे मेसेज बहुतेक नाहीत. मेसेज त्याला दिसत असते तर पहिल्याच ओटीपीवर त्याचं काम झालं असतं, दुसरा आणि तिसरा मागवायची गरज पडली नसती. मेसेज चोरणारं ॲप फोनमध्ये बसलेलं असतं तेव्हा ओटीपी आल्याचा आवाजसुद्धा मालकाला येत नाही अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. तुमच्याकडे तसं झालेलं नाही.

मग माहिती गेली कुठून? गॅलरी उघडून बघा. एटीएम कार्डाचा फोटो आहे का? पासबुकच्या पहिल्या पानाचा? आधार, पॅन? मुलाने पुण्याहून मागितला म्हणून काढलेला, पगाराच्या खात्यासाठी शाळेच्या ऑफिसात पाठवलेला फोटो आपण विसरून जातो, फोन विसरत नाही. बँकेचे जुने एसएमएसही एकत्र वाचले तर बरंच सांगतात: कोणत्या बँकेत खातं आहे, शेवटचे चार आकडे, पगार कधी होतो, हप्ता कोणाचा जातो. पॅटर्न माहीत असलेल्या माणसाला हे सगळं चहा संपेपर्यंत बघता येतं. त्या दुकानदारानेच केलं असं मी म्हणणार नाही. तो फोटो व्हॉट्सअॅपवरून आणखी किती जणांकडे गेला आहे, ते तुम्हालाच आठवावं लागेल.

म्हणून हे उत्तर पुढे वाचण्याआधी तीन कामं करा. लॉकचा पॅटर्न काढून सहा आकडी पिन टाका. नेट बँकिंगचा पासवर्ड स्वतः बदला. कार्डाचा फोटो गॅलरीत सापडला तर ते कार्ड बंद करून नवीन मागवा. कधी पैसे गेलेच तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला घालून दिलेल्या नियमानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कोणाच्या फटीतून पैसे गेले असतील आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर तुमच्यावर काहीच भार येत नाही. ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. तासातासाने फरक पडतो तो इथे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एसएमएस कसा प्रवास करतो हे कळलं की कोण वाचू शकतं ते आपोआप कळतं.

काटोलहून नागपूरला शिकायला आलेल्या पोराला आई एसटीच्या कंडक्टरकडे डबा देते, तसं आहे हे. डब्याला झाकण आहे, कुलूप नाही. कंडक्टर उघडत नाही, कारण त्याला तेवढंच काम नाही आणि त्याची नोकरी आहे. पोरगा गणेशपेठच्या स्टँडवर वेळेत आला नाही तर डबा तिथे कँटीनवाल्याकडे ठेवला जातो आणि तो आला की मिळतो. एसएमएसही असाच तुमच्या फोनकडून टॉवरला, तिथून कंपनीच्या एसएमएस सेंटरला जातो. तुमचा फोन बंद असेल तर तो तिथे थांबतो आणि फोन चालू झाला की तुमच्याकडे येतो. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेतल्या तुकड्यावर सांकेतिक आवरण असतं. सेंटरमध्ये पोचला की तो उघडा मजकूर असतो. पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूप असावं अशी ही व्यवस्था कधी बांधलीच नव्हती. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. पुढे आपण त्याच्यावर बँकेची किल्ली टांगली.

हवेतलं आवरणही जुन्या टू-जीमध्ये कच्चं आहे. त्याचं कोडं कसं सुटतं हे २००९ च्या शेवटी जर्मनीत कार्स्टन नोल यांनी जाहीरपणे दाखवलं. २०१४ मध्ये नोल आणि टोबियास एंगेल यांनी आणखी एक गोष्ट मांडली: जगभरातल्या मोबाइल कंपन्या एकमेकींशी ज्या जुन्या संकेतव्यवस्थेतून बोलतात, तिच्यात शिरकाव मिळाला तर दुसऱ्याचे एसएमएस आपल्याकडे वळवता येतात. २०१७ मध्ये जर्मनीतल्या काही बँक ग्राहकांचे पैसे याच वाटेने गेले. हे खरं आहे आणि गंभीर आहे. पण त्याला पैसा, ओळख आणि यंत्रणा लागते. मानेवाड्यातल्या शिक्षिकेच्या खात्यासाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही. फोनमध्ये टू-जी बंद करायचं बटण असेल तर बंद करा. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये ते असतं. एवढं करून हा विषय सोडून द्या.

सरकारला तुमचे मेसेज पाहता येतात का, हेही लोक विचारतात. येतात, पण त्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो, तो ६० दिवसांचा असतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या वर जात नाही, आणि त्यावर आढावा समिती असते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काउंटरवर अनेक जण म्हणतात, ‘आपल्यासारख्यायचं काय गुपित असते भाऊ?’ असतं. दवाखान्याचा रिपोर्ट असतो, सोनं गहाण ठेवल्याचा मेसेज असतो, मुलीच्या लग्नाचं बोलणं असतं.

गुपित फुटतं ते डब्याच्या दोन टोकांना: देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या हातात. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. कळमेश्वरकडचे एक संत्रा बागायतदार काका आले. ‘भाऊ, फोन गरम होऊन राहिला, बॅटरी बदलून द्या.’ फोन हातात घेतला, बॅटरी फुगलेली नव्हती. मी विचारलं, एवढ्यात काही डाउनलोड केलं का? म्हणाले, ‘लग्नाची पत्रिका आली होती व्हॉट्सअॅपवर. दाबली, पण उघडलीच नाही थे.’ मी फोन पहिल्यांदा फ्लाइट मोडवर टाकला. मग सेटिंग, तिथून परमिशन मॅनेजर, तिथून एसएमएस. ज्यांना मेसेज वाचायची परवानगी आहे त्या ॲप्सची यादी समोर येते. मेसेजेस, फोन, बँकेचं ॲप, एक यूपीआयचं ॲप, आणि सगळ्यात खाली एक ओळ, जिला नाव नव्हतं. नुसता पांढरा चौकोन आणि त्याच्यापुढे रिकामी जागा. होम स्क्रीनवर त्याचं चिन्ह नाही, शोधलं तर सापडत नाही. पत्रिका म्हणून आलेली फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, होती. काकांनी ती उघडली तेव्हा फोनने दोन वेळा विचारलं होतं आणि त्यांनी दोन्ही वेळा ‘अलाउ’ दाबलं होतं, कारण त्याशिवाय पत्रिका दिसणार नाही असं त्यांना वाटलं.

ते ॲप सरळ निघेना. त्याने ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची, बटणं दाबायची) आणि डिव्हाइस ॲडमिनची (फोनवर ताबा ठेवायची) परवानगी घेतली होती. त्या आधी काढाव्या लागल्या, मग ॲप उडालं, मग फोटो उतरवून घेऊन फोन पूर्ण रिसेट केला. फ्लाइट मोडमध्ये असतानाच काकांच्या मुलाने दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवलं. पैसे वाचले, पण पाठवलेल्या मेसेजमध्ये मला जे दिसलं ते तुम्हालाही ओळखता यायला हवं: एका अनोळखी नंबरला गेलेला एसएमएस, त्यात फक्त अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक गुंतवळ.

याचा अर्थ फार थोड्या लोकांना माहीत असतो. ओटीपी आत येतो, त्याची धास्ती सगळ्यांना बसली आहे. यूपीआयचं मात्र उलट आहे. नवीन फोनवर यूपीआय ॲप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवतं, आणि त्यावरून बँक मानते की हा नंबर याच फोनमध्ये आहे. चोराने आपल्या फोनवर ॲप सुरू केलं आणि तो सांकेतिक मजकूर तुमच्या सिमवरून पाठवून घेतला, तर तुमचा नंबर त्याच्या फोनला चिकटतो. पुढे पिन ठरवायला त्याला कार्डाचे किंवा आधारचे आकडे आणि ओटीपी लागतातच, पण मेसेज वाचणारं ॲप बसलेलं असलं की ओटीपीही त्याचाच. म्हणून ‘हा मेसेज अमुक नंबरला पाठवा, केवायसी होऊन जाईल’ असं कोणी म्हटलं तर तो ओटीपी मागण्याएवढाच गंभीर प्रकार समजा. शाळेत सहकाऱ्यांना एवढं एक तरी सांगा.

आता थोडं आडवळण. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, देवनागरी फक्त ७०. मराठीत मजकूर लिहिला की एका मेसेजचे दोन-तीन होतात आणि खर्च वाढतो. माझ्या मते आपल्या बँकांचे इशारे अजून इंग्रजीत येतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. परिणाम काय होतो ते मी रोज बघतो. महालातल्या एक आजी बँकेचा मेसेज आला की शेजारच्या पोराला वाचायला देतात. तो पोरगा चांगला आहे. पण आजींचा ओटीपी, शिल्लक आणि निराधार योजनेचा हप्ता हे सगळं गल्लीत ठाऊक असतं. ज्यांना सुरक्षितता सगळ्यात जास्त हवी त्यांनाच आपण न समजणारा इशारा पाठवतो, याचा मला राग येतो. बँकेच्या शाखेत इशाऱ्याची भाषा मराठी करून मिळते का, हे घरातल्या म्हाताऱ्यांसाठी जरूर विचारा.

मेसेज खरा की खोटा, हे पाठवणाऱ्याच्या नावावरून बरंच कळतं. बँक दहा आकडी मोबाइल नंबरवरून एसएमएस पाठवत नाही. नोंदणी केलेलं अक्षरी नाव येतं, आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी एक अक्षर असतं: व्यवहाराचा मेसेज असेल तर टी, सेवेचा एस, जाहिरातीचा पी, सरकारी असेल तर जी. ‘वीज आज रात्री कापली जाईल’ हे साध्या नंबरवरून आलं तर तिथेच थांबा.

घरातल्या माणसांबद्दलही बोललंच पाहिजे. महिन्यातून एखादा तरी गृहस्थ येऊन हळू आवाजात म्हणतो, ‘भाऊ, मिसेसच्या फोनवरचे मेसेज माझ्या फोनवर येतील असं करून द्या ना.’ मी करून देत नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरा-बायको असल्याने त्यात सूट मिळत नाही. पण कायदा नसता तरी मी हे केलं नसतं. ज्या बाईचे मेसेज वाचले जातात ती माहेरी लिहितानाही शब्द तोलते, हे मी माझ्याच नात्यात पाहिलं आहे.

यासाठी दुकानदाराचीही गरज लागत नाही, म्हणून तुम्हाला दाखवून ठेवतो. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं की डिव्हाइस पेअरिंग नावाची ओळ दिसते. कोणी तुमचा फोन दहा सेकंद हातात घेऊन ते आपल्या कॉम्प्युटरला जोडलं असेल तर तुमचा प्रत्येक एसएमएस त्याला तिकडे दिसतो. व्हॉट्सअॅपमध्ये हेच लिंक्ड डिव्हाइसेस या नावाने आहे. अनोळखी काही दिसलं तर लगेच काढून टाका. तुमचा फोन दोन दिवस पॅटर्नसकट बाहेर होता, त्यामुळे या दोन जागा आणि मघाची परमिशन मॅनेजरची यादी आजच बघा.

डिलीट करून भागेल का? पुढे कोणाच्या हातात फोन पडला तर त्याला कमी दिसेल, तेवढ्यापुरता उपयोग आहे. २००४ च्या सुमाराला मेसेज सिमवर साठत. तिथे डिलीट म्हणजे नुसती ‘ही जागा मोकळी’ अशी खूण व्हायची, मजकूर नवीन मेसेज त्यावर बसेपर्यंत तसाच राहायचा. आजच्या फोनमध्येही डिलीट केलेली नोंद काही काळ आत रेंगाळते. पण अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये साठा कुलूपबंद असतो, आणि फॅक्टरी रिसेट केला की त्याची किल्लीच नष्ट होते. म्हणून फोन एक्स्चेंजमध्ये देताना डिलीट करत बसू नका, रिसेट करा. कंपनीकडे काय राहतं, हेही लोकांना जाणून घ्यायचं असतं. कोणी कोणाला, कधी, कोणत्या टॉवरवरून मेसेज पाठवला याची नोंद किमान २ वर्षं राहते. मजकूर त्या नोंदीत नसतो, त्यामुळे ‘मागच्या वर्षीचे मेसेज कंपनीकडून काढून द्या’ म्हणणाऱ्यांना रिकाम्या हाताने परतावं लागतं.

व्हॉट्सअॅप बरं का? गप्पांसाठी, घरच्या गोष्टींसाठी, दवाखान्याच्या कागदांसाठी, हो. २०१६ पासून तिथे दोन्ही टोकांना कुलूप आहे, मधल्या कंडक्टरला डबा उघडता येत नाही. मात्र बॅकअपचं कुलूप वेगळं चालू करावं लागतं, ते सेटिंगमध्ये जाऊन करा. आणि एक गाठ लक्षात घ्या: व्हॉट्सअॅप नवीन फोनवर सुरू करायचा कोड बहुतेक वेळा एसएमएसनेच येतो. ज्याच्या हाती तुमचा एसएमएस, त्याच्या हाती तुमचं व्हॉट्सअॅप. म्हणून त्यातली टू-स्टेप व्हेरिफिकेशनची सहा आकडी पिन आजच ठेवा.

राहिलं सिम. फोनला कितीही लॉक असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतात. सेटिंगमध्ये सिम लॉक आहे, त्याची पिन ठेवली की दुसऱ्या फोनमध्ये सिम गप्प बसतं. कंपनीने दिलेली मूळ पिन आधी विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकली की सिम पीयूके (कंपनीकडून मिळणारा, सिम उघडायचा कोड) मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं मरतं. घरात सगळ्यांना टॉवर आहे आणि एकट्या तुमच्या फोनला तासभर नेटवर्क नाही असं झालं तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला लगेच विचारा, कोणी तुमच्या नावाने नवं सिम काढलं का. नवं सिम काढल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात ते यासाठीच, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. तुम्ही जागे असाल तरच या वेळेचा फायदा.

वडिलांचा किंवा स्वतःचा जुना नंबर बंद करत असाल तर आधी बँक, आधार, गॅस, विमा या सगळीकडून तो काढा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या घरचे ओटीपी एका अनोळखी माणसाकडे जायला लागतात. त्या माणसाची काहीच चूक नसते.

ऑनलाइन पैसे देताना ओळख कशी पटवायची याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, ते लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांनी एसएमएस ओटीपी बंद केला नाही, पण बोटाचा ठसा, ॲपमधली मान्यता अशा दुसऱ्या पद्धतींना वाट मोकळी केली. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये तशी सोय दिसली तर घ्या.

आणि डिस्प्ले बदलायला पॅटर्न लागत नाही, ताई. टच नीट चालतो का हे लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी कॉलच्या आकड्यांवर आणि कॅमेऱ्यात तपासता येतं, मी तसंच तपासतो. पुढच्या वेळी सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा, सॅमसंग असेल तर मेंटेनन्स मोड आणि पिक्सेल असेल तर रिपेअर मोड चालू करून द्या, त्यात तुमचे फोटो आणि मेसेज झाकलेले राहतात. फोन आत नेऊ नका, समोरच उघडा, असं स्पष्ट सांगा. डिस्प्लेचं काम साधारण तासाभराचं असतं, काउंटरवर एक स्टूल मागा आणि बसून राहा.